बिळाच्या तोंडाशी ठेवलेलं बोट

वन्सं गेल्या ही बातमी मला कुणी येऊन सांगितली नाही. ती आधी मला एकटीलाच कळली आणि मग सगळ्यांना कळवायचं काम माझ्यावर आलं. मला तर साधं फोनवर 'हॅलो' म्हणतानाही घाम फुटतो. दुपारची वेळ होती. मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले तेव्हा त्या नेहमीसारख्या वेताच्या खुर्चीत, काचेच्या टाकीला लागून बसल्या होत्या. मान थोडी कलली होती. हातातली एकुलती एक बांगडी काढून खिडकीत ठेवलेली होती आणि उजवा हात कोपरापर्यंत टाकीच्या पाण्यात होता. मी हाक मारली, मग जवळ जाऊन पुन्हा मारली. पाणी स्वच्छ होतं. तळाच्या वाळूवर टेकलेलं त्यांचं बोट दिसत होतं. त्या बोटाजवळ जे दिसलं ते पाहून मी चहाचा कप खाली ठेवला, तोही आवाज न करता, कुणी दचकू नये असा. ते काय होतं ते कळायला आधीचं सगळं सांगावं लागेल.

रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लेख येतात. वन्संची नजर काचबिंदूने गेली तेव्हापासून ते लेख मी त्यांना वाचून दाखवायचे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. उदगीरच्या पुढे आमचं गाव. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि वाटेत ओढा होता, एवढंच कारण. त्यामुळे सुरुवातीला मी फार अडखळायचे. वन्सं म्हणायच्या, "सावकाश वाच, गोदे. मेलेलं माणूस कुठं पळून जायलं नाही." लेख संपला की नाक मुरडायच्या. "गेल्यावर सगळेच मनमिळाऊ कसे होतात गं? माझ्यावर कुणी लिहिलंच तर सांगून ठेव, बाई मनमिळाऊ नव्हती." म्हणून आधीच सांगते, त्या मनमिळाऊ नव्हत्या. हे मी कुठे पाठवणार नाही. पण त्या लेखांसारखंच लिहिते आहे, कारण माणसाबद्दल दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहितात ते मला माहीत नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हे त्यांना अक्का म्हणायचे. त्यांनी लग्न केलं नाही. प्राणिशास्त्र शिकून त्या समुद्राकडे गेल्या आणि आयुष्यातली बरीच वर्षं लक्षद्वीपच्या बेटांवर माशांचा अभ्यास करत राहिल्या. वर्षातून एकदा हैदराबादला, नल्लकुंट्याच्या या घरी यायच्या तेव्हा रापून काळ्या झालेल्या असायच्या आणि त्यांच्या बॅगेतल्या कपड्यांना कितीही धुतलं तरी न जाणारा खारट वास असायचा. माझ्या लग्नात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "दत्तू, ही बोलते का रे? की मुकी केलीस?" सगळे हसले. मी त्यानंतर आणखीच गप्प झाले. बोलावायचं असलं की त्या नाव घ्यायच्या नाहीत, चुटकी वाजवायच्या. कोरडी, टणक चुटकी, दोन खोल्या पलीकडे ऐकू जाईल अशी. बेगम बाजारात मिरचीच्या ठोक दुकानावर बसून गिऱ्हाइकांना दमात घेणारे आमचे हे, घरात ती चुटकी ऐकली की ताटावरून उठायचे. "काय अक्का?" म्हणत जायचे. केस पांढरे झाले तरी जायचे.

निवृत्त होऊन त्या कायमच्या इथे आल्या, मागची खोली घेतली आणि काही दिवसांतच ती टाकी आली. बुटकी, रुंद, वरून उघडी, नुसती जाळी टाकलेली. शोभेच्या माशांचं दुकान असलेल्या यूसुफभाईंनी ती करून दिली होती. हैदराबादेत समुद्र बादलीत कालवावा लागतो. फिल्टरचं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मिठाची पूड घालायची, पंप लावून फिरवत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी वापरायचं. ते काम माझ्याकडे आलं. यूसुफभाई म्हणायचे, "अम्मा, खाने का नमक नक्को डालना, हां. मैडम मेरे कू जान से मार देते." टाकीत वाळू, प्रवाळाचे मेलेले तुकडे आणि एका दगडाखाली गेलेलं एक बीळ. बिळाच्या तोंडाशी बोटाएवढा एक पिवळा मासा, अंगावर निळे ठिपके, डोळे डोक्याच्या वर आलेले. गोबी जातीचा. कोकणात त्याच्या भाऊबंदांना खरबी म्हणतात असं वन्सं म्हणाल्या. तो पोहत नसे, नुसता बसून राही. मला वाटलं, एवढ्या मोठ्या टाकीत एकच मासा आणि तोही आळशी.

मग एका सकाळी मी केर काढत असताना 'टक्' असा आवाज आला. काच तडकली असं वाटून मी पाणी कुठून येतंय ते शोधत राहिले. पाणी कुठूनच येत नव्हतं. तेवढ्यात पुन्हा... टक्. तो आवाज बिळातून येत होता. वन्सं खुर्चीत बसून माझी मजा बघत होत्या. "बघ म्हणावं, माझ्यासारखीच चुटकी वाजवणारं कुणीतरी आलंय घरात," त्या म्हणाल्या. बिळात एक कोळंबी राहते, तिचा एक नांगा मोठा असतो आणि तो ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात तसा आवाज होतो, असं त्यांनी सांगितलं. मला ती कोळंबी दिसली नव्हती. पुढे कित्येक दिवस मला फक्त तिची चुटकी ऐकू येत होती.

वन्संची नजर हळूहळू गेली. आधी कडा गेल्या, मग मधलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. त्या कुणापुढे रडल्या नाहीत, पण एक दिवस दाराच्या चौकटीला जोरात आपटल्या आणि मग मी त्यांना फिरायला नेऊ लागले. त्या माझ्या मागून चालायच्या, डाव्या खांद्यावर त्यांची दोन बोटं. भाजीबाजारात माणसांमध्ये "वन्सं, पायरी आली" असं मोठ्यानं म्हणायची मला लाज वाटे. म्हणून मी पायरी आली की खांदा किंचित उडवायचे. स्कूटर आली, खड्डा आला, गाय आडवी आली तरी तसंच. खांदा उडाला की त्या जागच्या जागी थांबायच्या, मी पुन्हा चालू लागले की चालायच्या. अशा आम्ही बाजार करून यायचो, एक शब्द न बोलता. आठवडाभर असं चाललं असेल आणि एकदा फाटकाशी आल्यावर त्या एकदम थांबून हसायला लागल्या. मी घाबरले. "अगं, तू माझी गोबी झालीस की," त्या म्हणाल्या. "चल आत, तुला दाखवते."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला टाकीसमोर बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग माशाच्या शेपटीमागून दोन मिशा बाहेर आल्या, केसांसारख्या लांब, आणि त्यांतली एक माशाच्या अंगावर येऊन टेकली. मागोमाग कोळंबी आली, पुढ्यात वाळूचा ढीग लोटत, जणू कुणी परातीतलं पीठ हाताने सारत न्यावं. वाळू टाकली, परत आत गेली, परत आली. पूर्ण वेळ एक मिशी माशावर. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, वन्सं म्हणाल्या. घर बांधता येतं, पण शत्रू येतोय का ते कळत नाही. माशाला लख्ख दिसतं, पण बीळ खणता येत नाही आणि उघड्या वाळूवर बिळावाचून तो टिकत नाही. म्हणून दोघं एका घरात राहतात. ही घर खणते, तो पहारा करतो. काही आलं की तो शेपूट थरथरवतो, ती आत जाते. शेपूट हललं नाही तर भिण्यासारखं काही नाही. एवढीच त्यांची भाषा. दिवस मावळला की दोघं आत जातात आणि कोळंबी खडे लावून दार बंद करते. सकाळी ती दार उघडते आणि आधी तो बाहेर येऊन बघतो.

मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. पोवळं म्हणजे माझ्या आईच्या गळ्यातला लाल मणी, तेवढंच माहीत. पण त्या दुपारपासून वन्सं मला सांगत गेल्या आणि मी डाळ निवडत ऐकत गेले. प्रवाळाच्या रांगेच्या आत पाणी कसं उथळ आणि शांत असतं, तळाशी पांढरी वाळू आणि तिच्यात या मंडळींची बिळं, दर बिळाच्या तोंडाशी एक पहारेकरी. जिवंत प्रवाळाच्या फांद्यांमध्ये याच जातीचे नखाएवढे दुसरे मासे, ते सारं आयुष्य एका झुडपात काढतात आणि शेवाळ वाढायला लागलं की ते कुरतडून झुडूप साफ ठेवतात. मी फोडणी केली की वन्सं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. मोहरी तडतडायची थांबली की परत जायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पाण्याखाली असाच आवाज असतो. चहूकडून. त्या सगळ्या चुटक्या. समुद्र शांत असतो असं म्हणणारे पाण्यात उतरलेले नसतात."

आणि एकदा, मी विचारलं नसताना, त्यांनी शेवटच्या खेपेचं सांगितलं. तो उन्हाळा फार तापला होता. पाणीही तापलं. त्या उतरल्या तेव्हा प्रवाळ पांढरं पडलेलं होतं, हाडांसारखं, नजर जाईल तिथपर्यंत. काही आठवड्यांनी पुन्हा उतरल्या तर त्यावर राखट शेवाळ चढलं होतं. फांद्यांमध्ये ते नखाएवढे मासे अजून बसलेले होते. नेहमीच्या झुडपात, नेहमीच्या फांदीवर. "घर मेलंय हे त्यांना कळलं नव्हतं. की कळलं होतं आणि जायचं कुठं ते माहीत नव्हतं..." मग म्हणाल्या, "पण ते नाही गं भीती वाटली. आवाज नव्हता. मोहरी संपली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पाण्याखाली माझा स्वतःचा श्वास ऐकू आला. असं वाटलं की मागे कुणीतरी उभं आहे." त्यानंतर त्या पाण्यात उतरल्या नाहीत. मी डाळीत हात घालून बसून राहिले. ऐन दुपारी खोली गार वाटत होती. तेवढ्यात बिळातून चुटकी आली आणि आम्ही दोघीही दचकून हसलो.

मग मासा गेला. असे मासे उडी मारतात, म्हणून टाकीवर जाळी होती, पण एका कोपऱ्यातून ती कशी कोण जाणे उचकटली. मला तो टाकीमागे भिंतीशी सापडला, वाळून चिंचेच्या शेंगेसारखा झालेला. मी तो वन्संच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने चाचपला आणि म्हणाल्या, "आता ती बाहेर यायची नाही." यूसुफभाईंना दुसऱ्या माशासाठी सांगितलं, ते म्हणाले, "हौ मैडम, आया तो लातूं, पर माल कब आता बोल नै सकता." तोवर काय, म्हणून वन्संनी बांगडी काढली, हात पाण्यात घातला आणि मासा बसायचा त्या जागी, बिळाच्या तोंडाशी, बोट ठेवलं.

पहिले काही दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी वन्संचा चेहरा बदलला. "गोदे," त्या कुजबुजल्या, "लागली." मी वाकून पाहिलं. मिशी त्यांच्या बोटावर टेकलेली होती आणि मागून कोळंबी वाळू लोटत येत होती. वन्सं हसल्या. "मी कसली पहारेकरी. मलाच काही दिसत नाही." मी म्हटलं, "मी आहे ना." माझ्या तोंडून एवढं निघालं याचं आम्हा दोघींनाही नवल वाटलं. त्यानंतर रोज दुपारी तो क्रम झाला. त्या खुर्चीत, हात पाण्यात. मी मागे उभी, माझी दोन बोटं त्यांच्या डाव्या खांद्यावर. खिडकीत मांजर आलं, वाऱ्याने पडदा टाकीवर सावली टाकू लागला, की मी खांदा दाबायचे. त्या बोट हलवायच्या. कोळंबी आत. मग मी बोटं सैल केली की त्यांचं बोट पुन्हा जागेवर. बाजारात त्या माझ्या मागे चालायच्या, इथे मी त्यांच्या मागे. असं बराच काळ चाललं. त्या दुपारी मी चहा करायला गेले होते, रोज जायचे तशी.

आता सांगते पाण्यात काय होतं. कोळंबी बाहेर होती. पूर्ण बाहेर, इतकी मी तिला कधी पाहिली नव्हती. एक मिशी वन्संच्या बोटावर ठेवून ती शांतपणे वाळू वाहत होती. जात होती, येत होती, बोटाला वळसा घालून ढीग रचत होती. खांदा दाबणारं कुणी नव्हतं आणि बोट हलत नव्हतं. न हलणारं बोट म्हणजे भिण्यासारखं काही नाही... तिला कोण सांगणार? मी वन्संचा हात लगेच बाहेर काढला नाही. ती आपणहून आत जाईपर्यंत मी तिथे उभी राहिले. नंतर यांना दुकानावर फोन केला, मुलाला बंगळूरला केला. दोघांनाही एकच वाक्य सांगितलं आणि दोन्ही वेळा समोरून "कोण बोलतंय?" असं विचारलं गेलं.

माणूस जिथे गेलं तिथे पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वर दुरडी पालथी घालतात आणि सकाळी पिठावर काय उमटलं ते बघतात. ज्याचं पाऊल दिसेल त्या जन्माला माणूस गेलं असं समजतात. सासरे गेले तेव्हा उमटलेल्या खुणेला सगळ्यांनी मोराचं पाऊल म्हटलं होतं आणि वन्सं म्हणाल्या होत्या, "पाल होती. मी शेपूट पाहिलं." त्यांचा यावर विश्वास नव्हता. तरी यांनी टाकीशेजारी, खुर्ची बाजूला सारून पीठ पसरलंच. सकाळी दुरडी उचलली. दिवा तेवत होता. पिठात कुठलंही पाऊल नव्हतं. दिव्यापासून निघून कडेपर्यंत गेलेली एक उथळ पन्हळ होती, दोन बोटं रुंद, आणि तिच्या टोकाशी पिठाचा छोटा ढीग, कुणीतरी पुढे लोटत नेऊन ठेवल्यासारखा. "उंदीर असेल," हे म्हणाले. जमलेल्या सगळ्यांना ते पटलं. मी मान वर करून टाकीकडे पाहिलं. तशी पन्हळ रोज सकाळी तिथे, बिळाच्या तोंडाशी असायची. त्या सकाळी वाळू सपाट होती आणि बिळाचं दार बंद होतं.

दहाव्यापर्यंत टाकीतून आवाज आला नाही. मी दाराशी खाणं टाकायचे, ते तिथेच कुजायचं आणि मी नळीने ओढून काढायचे. दहाव्याला कावळा लगेच शिवला. हे घरी आले ते हलके होऊन आले. "अक्काचं काही राहिलं नव्हतं बघ," म्हणाले. ताट वाढलं, पहिला घास उचलला आणि मागच्या खोलीतून चुटकी आली. कोरडी, टणक. हे ताटावरून अर्धे उठले होते. "काय अक्..." एवढं बोलून गेले आणि मग आपण काय करतोय ते त्यांना कळलं. घास तसाच ताटात ठेवला.

त्यानंतर रोज. नेमके हे घरात असले की. मी यांना सांगितलं, ती कोळंबी आहे, वन्सं असतानाही वाजायची. "मला कळतंय ते," हे म्हणाले, "पण कानाला कळत नाही." घरी जेवणं बंद झालं. दुकानातून येताना काहीतरी खाऊन यायचे आणि समोरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसायचे. एवढा धट्टाकट्टा माणूस, पण चेहरा उतरला. एक दिवस म्हणाले, "यूसुफभाईला सांगितलंय. सकाळी येऊन टाकी घेऊन जाईल. मला नाही सहन होत, गोदा." मी काही बोलले नाही. आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याला कायमच होकार समजतात. पण मला यूसुफभाईंचं बोलणं माहीत होतं. वन्सं असताना त्यांनीच एकदा सांगितलं होतं, "उसकू निकालना बोले तो बिल फोड़ना पड़ता, अम्मा. और दुकान में खुल्ला डाला तो दुसरे मच्छियां छोड़ते नै." म्हणजे टाकी गेली की ती गेली. आणि यांचं म्हणाल तर, टाकी राहिली की हे असेच राहणार. मला दोन्ही दिसत होतं.

सकाळी हे यूसुफभाईंना आणायला गेले. मी मागच्या खोलीत गेले. ती जिवंत आहे का, एवढं तरी बघावं असं मनात होतं. माझ्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. वन्संची बांगडी तिथेच होती. खुर्ची पुन्हा टाकीजवळ ओढली आणि पहिल्यांदाच तिच्यात बसले. पाणी गार होतं. बोट दाराशी टेकवलं आणि डोळे मिटले, का मिटले ते सांगता येणार नाही. पंप घुरघुरत होता. बराच वेळ गेला. मग बोटाखाली एक खडा सरकला. आणि मग... ओला केस अंगावर पडावा तसं काहीतरी माझ्या बोटावर टेकलं, उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. मी डोळे उघडले. ती बाहेर येत होती. पुढ्यात वाळूचा मोठा ढीग होता, इतक्या दिवसांचं काम साठलेलं.

तेव्हाच माझा डावा खांदा दाबला गेला. दोन बोटांनी, घट्ट. मला विचार करायला वेळ मिळाला नाही, माझं बोट आपोआप हललं आणि कोळंबी दिसेनाशी झाली. मी मागे वळून पाहिलं नाही. तशीच बसून राहिले. मग फाटकाची कडी वाजली, जिन्यावर बादल्या आपटल्याचा आवाज आला आणि यूसुफभाईंचं "सलाम अम्मा" ऐकू आलं. तोपर्यंत पंपाच्या घुरघुरीत मला काहीसुद्धा ऐकू आलेलं नव्हतं.

हे दारात थबकले. मी त्या खुर्चीत, हात कोपरापर्यंत पाण्यात. यांचा चेहरा पांढरा पडला. "त्या खुर्चीतून ऊठ आधी," म्हणाले.

"उठते. टाकी न्यायची नाही म्हणा, मग उठते."

"काय?"

"ती जिवंत आहे. बाहेर आली होती. टाकी जाणार नाही."

यूसुफभाईंनी बादल्या खाली ठेवल्या. "भाई," ते म्हणाले, "इत्ते बरस से आतूं मैं इस घर में, अम्मा का आवाज आज सुना. मेरे कू टाकी नक्को."

हे चौकटीला टेकले. "आणि ती चुटकी? रोज ती चुटकी ऐकू मी?"

"ऐका. आणि पूर्वी उठून जायचा तसं जा. काय पाहिजे विचारा. कुणी रागवायचं नाही."

हे उंबऱ्यावर बसले. रुमालाने तोंड झाकलं. यूसुफभाई खिडकीतून बाहेर बघत राहिले. माझा हात पाण्यातच होता आणि खांदा अजून दुखत होता, दाबून सोडल्यावर दुखतो तसा.

यूसुफभाईंनी काही दिवसांनी नवा मासा आणला. तसाच पिवळा, थोडा लहान. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात लपून राहिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बिळाच्या तोंडाशी, अंगावर मिशी. त्यांना कुणी गाठ घालून दिली नाही. हे आता घरी जेवतात. चुटकी आली की अजून हात थांबतो, पण उठतात, मागच्या दाराशी जातात आणि हळूच "काय अक्का" म्हणून परत येतात. मी ऐकलं नाही असं दाखवते.

आता बोट ठेवायची गरज नाही. तरी दुपारी मी त्या खुर्चीत बसते, पुरवणी आली असली तर मोठ्याने वाचते. हा नवा मासा फार भित्रा आहे. मी पान उलटलं तरी शेपूट थरथरवतो. हे दाराशी आले तरी दोघंही आत जातात, मांजराची सावली तर लांबच. पण मी वाचायला लागले आणि सगळं शांत झालं की तो वरचे दोन्ही डोळे फिरवून बघत बसतो. माझ्याकडे नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर, मागे, खुर्चीच्या पाठीशी माणूस उभं राहिलं तर त्याचा चेहरा येईल तिथे. बराच वेळ बघतो. मी वळत नाही, वाचत राहते. मध्येच खालच्या नजरेने त्याचं शेपूट बघते.

शेपूट हलत नाही.